ड्युटीवरची सोंगटी

रविवारी दुपारी कैलासकाका आले ते थेट कपाटावरच्या खेळाच्या पटापाशी गेले आणि थबकले.

"अर्चना, नट कुठं हाय?"

पितळेचा नट ही बाबांची सोंगटी. आईची म्हणजे शर्टाचं काळं बटण, काकांची सातपाटीच्या किनाऱ्यावर सापडलेली शिंपली. नट अर्चनाने कालच उचलला होता. चिंचेने घासून लख्ख केला आणि बाबांच्या फोटोपुढे, निरांजनाशेजारी ठेवून दिला. तिच्या मते तिथे तो शोभत होता.

"फोटोपाशी ठेवलाय," ती म्हणाली.

"अगं बाय माझे! ड्युटीवर गेलेल्याची सोंगटी उचलतात काय? तुला कायदा ठाऊक नाय?"

कायदा तिला पाठ होता. हा खेळ बाबांनी आणि काकांनीच बनवलेला. बाबा चाळीसगावाहून तारापूरच्या कारखान्यात लागले तेव्हा कुंभवलीत काकांच्या वडिलांच्या चाळीत भाड्याने राहायचे. तिथे एका पावसाळ्यात दोघांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर बहात्तर घरं आखली. पहिलं घर खोली, शेवटचं कंपनीचं गेट. भोंगा व्हायच्या आत पोचायचं. मधे 'चेन निसटली', 'चहा झाला नाही', 'पुढच्या सायकलवर डबल सीट' अशी घरं. आणि गेटच्या तीनच घरं अलीकडे सगळ्यात वाईट घर, 'कार्ड विसरलं'. तिथे सोंगटी आली की परत खोलीवर.

पाळीची बस कुणासाठी थांबत नाही, म्हणून एक कायदा जास्तीचा होता. खेळ अर्धा टाकून जो ड्युटीवर जाईल त्याची सोंगटी जागेवर राहायची, आणि घरात जो रिकामा असेल त्याने त्याच्या वतीने फासा टाकायचा. लबाडी न करता. लहानपणी हे काम अर्चनाचं असे. सोंगटी उचलणं म्हणजे त्या गड्याला खेळातून काढणं.

तीन आठवड्यांपूर्वी बाबा असेच डाव अर्धा टाकून दुसऱ्या पाळीला गेले. आई चहा ठेवायला उठली, काका तंबाखू मळत बसले. चहा झाल्यावर पुढे खेळू, असं ठरलं होतं. तेवढ्यात कंपनीतून फोन आला, की मारुतीराव कोसळलेत, दवाखान्यात नेतायत. मग कुणी तो पट फळकुटासकट कपाटावर ठेवून दिला, सोंगट्या होत्या तशा.

"आज डाव पुरा करू," काका फळकूट जपून खाली उतरवत म्हणाले. "उद्या तू नाशिकला चाललीस."

"नको, काका."

"का नको?"

तिला ते सांगता येईना. नाशिकच्या कॉलेजच्या ग्रंथालयात रोज शेकडो पुस्तकं तिच्या हातांखालून जात. बाबा बसमध्ये वाचायचे ते तिनेच पाठवलेलं. त्यांच्या शेवटच्या कादंबरीत एकशे सेहेचाळिसाव्या पानाशी बसचं जुनं तिकीट होतं, आणि तिने ते हलवलं नव्हतं. पुस्तक कुठेही थांबतं आणि वर्षानुवर्षं तसं राहतं. त्याला एकटं माणूस पुरतं, आणि ते नसलं तरी पुस्तकाचं काही अडत नाही. पटाचंही तसंच होईल असं तिला वाटलं होतं. डाव पुरा झाला की सोंगट्या डब्यात जाणार. पुरा झाला नाही तोवर बाबा पासष्टाव्या घरावर आहेत, सगळ्यांच्या पुढे. सोंगटी उचलली तरी ते घर तिने लक्षात ठेवलं होतं.

"तो असा कुनाला ताटकळत ठेवनारा नव्हता," काका म्हणाले. "आनि तू त्याला देव करून बसवलास. मी त्याच्याशी खेळू कसा?"

आई चिकू चिरत होती. तिने मान वर केली नाही. "भावजी, पाळी कुणाची होती?"

"त्याचीच, वहिनी."

"मग आण गं तो नट. आणि तूच टाक फासा. दुसरं रिकामं कोण आहे घरात?"

अर्चना उठली. फोटोपुढचा नट आणून तिने पासष्टाव्या घरावर ठेवला. आईचं बटण एकसष्टावर होतं, काकांची शिंपली अठ्ठावन्नावर. लहानपणी ती बाबांसाठी दोन्ही तळव्यांत फासा खूप वेळ खुळखुळवायची आणि ते बाहेर बूट घालता घालता ओरडायचे, "टाक लवकर, बस आली!" आज तिने नुसताच टाकला.

चार पडले.

पटाकडे पाहायची गरज नव्हती. पासष्ट नि चार एकोणसत्तर. कार्ड विसरलं.

फासा फळकुटाच्या कडेला टेकला होता. काकांनी चष्मा काढून शर्टाने पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले.

"तिरका पडलाय वाटतं," ते खाली बघत म्हणाले. "तिरक्याला परत टाकतात."

अर्चनाने वाकून पाहिलं. फासा कडेला टेकला होता खरा, पण पूर्ण सपाट होता. परत टाकला असता तर त्या खोलीत कुणी हरकत घेतली नसती. तिने नट दोन बोटांत धरला.

"सपाट आहे, काका," ती म्हणाली, आणि नट एकोणसत्तरावर टेकवून तसाच मागे, पहिल्या घरापर्यंत नेला. खोलीवर.

आईला आधी हसू आलं की रडू, ते कळलं नाही. "खरंच विसरायचे ते कार्ड," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "लग्नानंतर वर्षभर मी बसमागे धावलेय. ड्रायव्हर म्हणायचा, मारुतीभाऊ, आपकी मॅडम को ही ड्यूटी पे ले लो."

"आनि तो मला सांगायचा, बायको निरोप द्यायला नाक्यापर्यंत येते!" काका म्हणाले.

"असं सांगायचे? बेशरम माणूस!"

मग डाव भराभर चालला. नट खोलीतून निघाला, चहाच्या घरावर अडकला, चेन निसटून दोन घरं मागे आला. अर्चना त्याच्यासाठी फासा टाकत राहिली. आई गेटमध्ये शिरली तेव्हा बाबा विसाव्या घरावर होते.

"हरले," आई म्हणाली. "मोठे पुढे गेले होते!"

काकांनी शिंपली आणि बटण उचललं. नटाला हात लावला नाही. अर्चनाने तो उचलला आणि डब्यात टाकला. टाकताना खण्णकन आवाज झाला. तिने झाकण लावलं.

काका टोपी घेऊन उठू लागले.

"बसा हो," अर्चना म्हणाली. "अजून एक डाव होईल."

"दोघांचा?"

"तिघांचा." तिने ताटातून चिकूची एक काळी बी घेतली, धुतली, ओढणीला पुसली आणि पहिल्या घरावर ठेवली.

"घरंगळंल ती," काका म्हणाले.

"घरंगळली तर उचलून ठेवीन. आई, तू टाक आधी, जिंकलेली आहेस."