अकॉर्डियनपुरतं वजन

फोल्कर टेगेलरनं दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या करवतीनं अर्ध्या कापल्या, त्या दिवसापासून गुड्रुनला नवऱ्याची कीव येणंही बंद झालं. उरला तो निव्वळ तिटकारा. त्याआधी संडासातल्या कागदाच्या गुंडाळ्यांमधली पुठ्ठ्याची नळी ओढून काढून झाली होती. चहाच्या पुड्यांचे दोरे कातरून झाले होते. बटाटे घरूनच सोलून न्यायचे असंही ठरलं होतं, कारण सालांचं वजन समुद्रापर्यंत फुकट कशाला वाहायचं!

दर उन्हाळ्यात ती दोघं आपली राहायची गाडी घेऊन उत्तरेला समुद्रावर जात. आत पलंग, शेगडी, इवलीशी न्हाणी आणि मागच्या बाजूला एक कपाट. निघायच्या आधी आठवडाभर गाडी अंगणात उभी राही आणि फोल्कर वजनकाटा घेऊन तिच्याभोवती पुजाऱ्यासारखा प्रदक्षिणा घाली. फक्त पुजाऱ्याच्या तोंडी देवाचं नाव असतं, याच्या तोंडी ग्रॅम. पार्सलांच्या गोदामात जन्मभर त्यानं लोकांची खोकी तोलली होती. निवृत्त झाल्यावर तोलायला खोकी उरली नाहीत, म्हणून संसार तोलायला घेतला.

“साडेतीन टन म्हणजे साडेतीन टन,” तो बजावी. “वर गेलं की पोलीस रस्त्याच्या कडेला सामान उतरवायला लावतात. मग बस हायवेवर खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात हलवत.”

गुड्रुनलाही तो बुटांसकट काट्यावर उभी करी आणि वाकून आकडा बघे. “गेल्या खेपेपेक्षा वाढलंय हं,” असं म्हणे. सूर असा, की जणू बाईनं ते वजन दुकानातून उचलून पदराखाली लपवून आणलंय.

हे सगळं तिनं सोसलं होतं. यंदा मात्र गाठ अकॉर्डियनशी पडली.

“ते येणार नाही,” फोल्कर म्हणाला. “अकरा किलोचं धूड. वाजवणार कधी, तर संध्याकाळी तासभर.”

“मी शब्द दिलाय.”

“कुणाला? त्या तंबूतल्या पाद्र्याला?”

त्यालाच दिला होता. समुद्राकाठच्या त्या मैदानात शेकडो गाड्या येऊन राहतात. तिथं उन्हाळाभर एक पांढरा तंबू असतो, तेच तिथलं चर्च. पाद्री लूडर चड्डी आणि चपला घालून उभा राहतो, हातातलं पुस्तक कधी उघडत नाही. बोलता बोलता तो गायला लागतो, गाता गाता परत बोलायला. बोलणं कुठं थांबलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते कळायच्या आत माणसाचे डोळे भरलेले असतात. गुड्रुन वर्षभर त्या संध्याकाळींवर जगायची. लूडरची बायको साथीला पेटी वाजवायची, ती गेली. मागच्या वर्षी साथ मोबाइलवर लावली, तर ऐन तिसऱ्या कडव्यात गाद्यांची जाहिरात सुरू झाली. म्हातारा तंबूत तसाच उभा राहिला, तोंड उघडं ठेवून. ईस्टरला त्याचा फोन आला होता. “गुड्रुन, माझा हा शेवटचा उन्हाळा. पुढं पाय साथ देणार नाहीत. तू वाजवशील का गं?” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं हो म्हटलं होतं.

“मोबाइल आहे की,” फोल्कर म्हणाला. “त्याचं वजन मी आधीच धरलंय.”

गुड्रुननं त्याच्याकडे पाहिलं. रस्त्यावर थुंकलेलं काही दिसलं की पाहतात, तसं.

“आणि मी वजन कमी करून दिलं तर?”

“कशातून?”

“मागच्या कपाटातून.”

फोल्कर पोट धरून हसला. “ते कारखान्यानं बसवलेलं कपाट आहे बाई. इंजिनिअर लोकांनी आखलेलं. तू त्यातून अकरा किलो काढणार? काढ. काढलेस तर तुझं अकॉर्डियन माझ्या मांडीवर बसून येईल.”

“तुझ्या मांडीवर नको. वास येईल त्याला.”

आता फोल्कर एक गोष्ट सोयीस्कर विसरला होता. गुड्रुननं शहरातल्या नाट्यगृहाच्या कारखान्यात नेपथ्य बांधण्यात उमर घालवली होती. राजवाडे, तुरुंग, देवळं, सगळं असं की दोन माणसांनी उचलावं आणि अंधारात धावत विंगेत न्यावं. फोल्कर तिचं काम बघायला एकदाच आला होता आणि मध्यंतरात त्यानं विचारलं होतं, “तो खांब खरा आहे का गं?”

तिनं कपाट उचकटलं. भुसा दाबून केलेले जाड फळे, लोखंडी बिजागऱ्या, हव्या त्याच्या दुप्पट स्क्रू. कारखान्यानं गाडीत कपाट कसलं, थडगं बसवलं होतं. त्याच्या जागी तिनं मांडणी करायला घेतली. पॉप्लरच्या झाडाचं पातळ प्लायवूड आणलं. ते हातात घेतलं की पावाच्या तुकड्यासारखं हलकं लागतं. उभ्या फळ्यांना तिनं मोठी गोल भोकं पाडली. जिथं भार पडत नाही तिथलं लाकूड नुसतं ऐतखाऊ असतं, हे तिला नाटकातल्या राजवाड्यांनी शिकवलं होतं. कोपऱ्यांत बारीक पट्ट्या डिंकानं चिकटवल्या, स्क्रू लावला नाही. वरच्या खणांना तळ लाकडाचा नाहीच, गाडीपुढे उभारायच्या जुन्या कापडी छताचा जाड तुकडा ताणून ठोकला. पुढून सामान उडू नये म्हणून बोटभर काठ आणि त्यावर लवचीक जाळी.

शेजारची आन्के कुंपणावर कोपरं टेकून बघत होती. “गुड्रुन, एवढी भोकं! ही मांडणी आहे की चीज?”

“चीज जड असतं.”

फोल्कर तासातासानं येई, कमरेवर हात ठेवून उभा राही आणि नाकातून श्वास सोडी. “पत्त्यांचा बंगला! पहिल्या वळणावर सगळा संसार माझ्या मानेवर येणार. आन्के, तू साक्षीला आहेस हं.”

“मी साक्षीला आहे रे,” आन्के म्हणाली, “पण कुणाच्या, ते अजून ठरवलं नाही.”

मांडणी आत चिकटवण्याआधी फोल्करनं ती काट्यावर ठेवली. मग जुन्या कपाटाचे तुकडे ठेवले. मग परत मांडणी. मग काट्यालाच टिचकी मारून पाहिली. अकॉर्डियन मावून वर एक बटाट्यांचं पोतं मावेल एवढा फरक पडला होता, सालांसकट.

हरलेला माणूस हसून मोकळा होतो तरी. फोल्कर नियमाकडे धावला. “घरचा काटा तो घरचा. खडीच्या खाणीवर गाडी सगळी भरून तोलायची. तिथं बसली तर बसली.”

दुसऱ्या दिवशी सामान भरून ती दोघं खाणीकडे निघाली. अकॉर्डियन मांडणीच्या खालच्या खणात पट्ट्यानं बांधलेलं होतं आणि वर कापडाच्या तळावर बिटाच्या लोणच्याच्या बरण्या. वाटेत फोल्करनं दोनदा विनाकारण करकचून ब्रेक मारला.

“मांजर होतं,” तो म्हणाला.

“दोन्ही वेळेला?”

मागं जाळी ताणली, परत सैल झाली. एकही बरणी जागची हलली नाही.

खाणीवरच्या काट्यावर गाडी उभी राहिली. केबिनमधल्या बाईनं खिडकी सरकवली. “जास्त आहे साहेब. पंचवीस किलो वर.”

फोल्करचा चेहरा पडला. “काटा बिघडलाय तुमचा.”

“सकाळपासून ट्रक जाताहेत. कुणाची तक्रार नाही आली.”

“माझा हिशेब चुकत नाही!” तो गुड्रुनकडे वळला, आणि त्याच्या तोंडावर खुशी पसरली. तीच तिला सगळ्यांत किळसवाणी वाटली. “सांगितलं होतं ना? डिंक ओलावा पितो. काढ ते अकॉर्डियन. आन्के येऊन घेऊन जाईल.”

गुड्रुननं खाली उतरून पट्टा सोडला. अकॉर्डियन काढताना भात्यानं एक उसासा टाकला. लूडरचं उघडं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं पेटी धुळीत न ठेवता केबिनच्या पायरीवर ठेवली आणि परत गाडीत जाऊन बसली.

“अजून जास्तच आहे साहेब.”

आता फोल्कर घामाघूम झाला. त्यानं बोटांवर मोजत सगळं घोकायला सुरुवात केली: पाणी, गॅस, चादरी, सूप, तिचे बूट. तिचे बूट दोनदा. एकेक वस्तू त्याला ग्रॅमपर्यंत पाठ होती. ते ऐकता ऐकता गुड्रुनच्या लक्षात आलं, की या एवढ्या जपात एक नाव अजून आलंच नाही.

“आणि तू?” तिनं विचारलं.

“मी काय?”

“तू किती धरलायस?”

“मला वेगळं धरायचं नसतं,” तो चिडून म्हणाला. “रिकाम्या गाडीच्या वजनातच चालक धरलेला असतो. पंचाहत्तर किलो. कागदावर छापलंय तसं.”

केबिनमधली बाई फोल्करकडे पाहत होती. स्टिअरिंगपाशी त्याच्या पोटाला पुढं सरकायला जागा नव्हती.

“फोल्कर,” गुड्रुन गोड आवाजात म्हणाली, “उतर जरा खाली.”

“कशाला?”

“उतर रे.”

तो उतरला. गाडी वर उचलल्यासारखी झाली. बाईनं काचेवरच्या आकड्याकडे पाहिलं, मग फोल्करकडे, मग सभ्यपणे आपल्या कॉफीच्या कपाकडे. “एकशे पंधरा उतरले,” ती म्हणाली.

गुड्रुनला वाटलं होतं आपण खदाखदा हसू. हसू आलं नाही. ब्रशाच्या दांड्या, चहाचे दोरे, काट्यावर वाकून तिचा आकडा बघणारं ते टक्कल, सगळं एकदम आठवलं. या माणसानं बटाट्याची साल तोलली, बायको तोलली, देवाच्या दारची गाणी तोलली, आणि स्वतः मात्र सरकारनं छापलेल्या एका सडपातळ माणसाच्या आत लपून बसला.

“तू जाडा आहेस त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “मीच पोसलाय तुला. पण मला बुटांसकट तोललीस, लाज नाही वाटली?”

फोल्कर धुळीत उभा होता. “नियमात तसंच...”

“नियम घाल चुलीत. आता सांग, काय उतरवायचं?”

तो अकॉर्डियनकडे बघायला लागला. मग बरण्यांकडे. त्यातलं काहीच पुरणार नव्हतं, आणि हिशेब तर त्याला येत होताच.

“समुद्रापर्यंत आगगाडी जाते स्टेशनवरून,” गुड्रुन म्हणाली. “तू तिनं ये.”

“आणि ही कोण चालवणार?”

“मी. लायसन माझ्याकडे तुझ्याइतकंच जुनं आहे.”

“कधी बोलली नाहीस!”

“तू कधी बाजूला सरकलास?”

तिनं अकॉर्डियन उचलून मांडणीत बांधलं, चालकाची सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला. फोल्करला स्टेशनवर उतरवलं, तेव्हा त्यानं गाडीतून फक्त आपली पिशवी आणि वजनकाटा घेतला. काटा! तिनं तोंड फिरवलं आणि गियर टाकला.

समुद्रावर पोचेपर्यंत रस्त्यानं तिला नाना वळणं दाखवली. मांडणी एकदाही करकरली नाही.

संध्याकाळी तंबू भरला. लूडर काठी टेकत आला, गुड्रुनच्या गळ्यातली पेटी पाहून मान हलवली आणि नेहमीसारखा बोलता बोलता गायला लागला. तिनं भाता उघडला. लोक आधी चाचरत, मग मोकळ्या गळ्यानं गाऊ लागले. वाळूवर खेळणारी पोरं दाराशी येऊन थांबली. तिसऱ्या कडव्याला तिला मागच्या बाकापाशी फोल्कर दिसला. स्टेशनवरून चालत आलेला, लालबुंद, पिशवी छातीशी धरून. गात नव्हता. पण बसलाही नव्हता.

गाणी संपल्यावर तो पुढं आला, तिच्या खांद्यावरून पेटी उतरवून घेतली आणि गाडीपर्यंत वाहून नेली. मांडणीच्या खणात ठेवली, पट्टा आवळला. एका गोल भोकातून बोट फिरवून पाहिलं.

“तोलली नाहीस?” गुड्रुननं विचारलं.

“काटा राहिला रेल्वेत.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस पेन्सिल विसरत नाही. काटा विसरेल यावर तिनं तसूभरही विश्वास ठेवला नाही.

“खोटारडा,” ती म्हणाली, आणि बिटाची एक बरणी उघडून त्याच्यापुढे सरकवली.