काळ्या पट्टीची ट्यूब

थोरल्या जाऊबाईंनी धाकटीची टूथपेस्ट कचऱ्यात टाकली ती चोरून नव्हे. घरच्यांदेखत, मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून.

"हिच्या बुडाशी काळी पट्टी आहे. काळी म्हणजे निव्वळ विष, हिरवी म्हणजे झाडपाल्याची. फोनवर आलंय. असलं काही माझ्या घरात नको."

धाकटी नऊ वर्षं टूथपेस्टच्या कारखान्यात ट्यूब भरायच्या यंत्रावर होती. तिनं आधी शांतपणे सांगून पाहिलं. "अहो जाऊबाई, ती पट्टी यंत्रासाठी असते. ट्यूब गोल फिरते, यंत्राला पट्टी दिसली की थांबते, मग बूड दाबून बंद होतं. रंग कुठलाही असो, उठून दिसला की झालं."

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! तू दुसरं काय बोलणार?"

तेवढ्यावर भागलं नाही. 'आमची धाकटी दिवसभर विष भरते आणि घरीही आणते,' हे थोरलीनं इमारतीत मजल्यामजल्यावर पोचवलं. एका संध्याकाळी खालच्या शिंपिणीच्या मुलीला धाकटीनं बिस्कीट दिलं, तर शिंपिणीनं ते पोरीच्या हातातून हिसकावलं. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाऊ दे गं, मोठ्या आहेत त्या," नवरा म्हणाला.

"तुम्ही बसा तोंडात मिठाची गुळणी धरून!"

रविवारी थोरली जिन्यात चार बायकांना आठवड्यापूर्वी आणलेली हिरव्या पट्टीची ट्यूब दाखवत होती. धाकटीनं ती सरळ हातातून ओढून घेतली आणि बुडावरचे आकडे शिंपिणीपुढे धरले.

"हे पहिलं अक्षर आमच्या कारखान्याचं. शेवटचे दोन आकडे माझ्या यंत्राचे. सकाळी काळीवाली भरते, दुपारी ही. टाकी एकच, माल तोच. फक्त वेष्टण वेगळं. विचारा यांना, आठवडाभर कोणाच्या हातचं विष तोंडात घालताहेत!"

शिंपीण फिसकन हसली. मग बाकीच्याही हसल्या. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या घरात राहून माझीच अब्रू काढतेस?"

"तुम्ही माझी काढलीत ती काय भाड्याची होती?"

घर थोरल्या दिरांच्या नावावर होतं. दुपारी त्यांनी भावाला एकट्याला बोलावून घर सोडायला महिन्याची मुदत दिली. धाकटीनं महिना वाट पाहिली नाही. बाराव्या दिवशी कारखान्यामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं. नवऱ्याला तिनं विचारलंही नाही.

सहा वर्षांनी थोरले दीर वारले. नवरा पुढे जाऊन बसला होता. धाकटी कामावरून थेट पोचली. थोरलीनं दार उघडलं, तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि परत लावून घेतलं.

धाकटीनं पुन्हा कडी वाजवली नाही. जिन्यात नवऱ्याची वाट पाहत ती तासभर उभी राहिली आणि मग एकटीच बसनं घरी गेली.