कोंबडीच्या पोटातले खडे

उन्हाळी कुरणावर आज मेंढ्या मोकळ्या होत्या आणि माणसांचाच कळप झाला होता. मधोमध झुमाश बख्शी, म्हणजे झाडफूक करणारा मांत्रिक. त्यानं बुरुलचा नावाच्या म्हातारीची, सगळ्यांच्या आपाची म्हणजे थोरल्या बहिणीची, एकुलती एक कोंबडी कापली, पोटात हात घातला आणि मूठ उघडली. मुठीत खडे!

"पाहिलंत? या म्हातारीच्या नजरेनं दाण्यांचे दगड झाले!" बख्शीनं डोळे गरगर फिरवले. "म्हणूनच तुमच्या मेंढ्या वाळल्या. हिला आजच डोंगराखाली धाडा. आणि शांतीसाठी मला एक लठ्ठ मेंढा."

"लठ्ठ आणायचा कुठून?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

आपाला हसू आलं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिचा प्रत्येक उन्हाळा इथंच गेला होता. खाली तिचं होतं कोण?

इथले मेंढपाळ तसे जाणते. मेंढीचं कुठलं हाड कुठल्या पाहुण्याला वाढायचं, हे ते झोपेतही सांगत. पण पाहुण्याला कोंबडी वाढणं म्हणजे त्याचा अपमान! कोंबडी अंड्यांपुरती. तिचं पोट कुणी कधी पाहिलंच नव्हतं, आपानंसुद्धा.

खालच्या शाळेतल्या अनारकान बाई पुढे आल्या. "बख्शीबाबा, तुमच्या खोगिराला कोंबडा टांगलाय. तोही कापू या."

"तो मंतरलेला आहे!"

"मग खडे निघायचेच नाहीत. घाबरता कशाला?"

लोक हसले. म्हाताऱ्या कारिपबेकनं सुरी चालवली. बाईंनी आतली जाड, मांसल पिशवी चिरली. त्यातही खडे!

"कोंबडीला दात असतात का?"

"छे!"

"मग दाणे दळणार कशानं? ती खडे मुद्दाम गिळते. ही पिशवी म्हणजे तिचं जातं."

"मग मेंढ्या का वाळल्या, बाई?" कारिपबेकनं विचारलं.

"पाणी जवळ म्हणून सगळे ओढ्याकाठीच चारता. तिथल्या गवताला डोकं वर काढू देता का? तो काठ पुन्हा हिरवा होईपर्यंत मोकळा ठेवा. कळप वरच्या खोऱ्यात न्या."

"तिथून पाणी लांब आहे."

"मग चाला की!" आपा कडाडली. "मला हाकलायला बरे लगबगीनं आलात!"

या गोंधळात बख्शी घोड्यावर बसून पसार झाला. कारिपबेक मान खाली घालून म्हणाला, "आपा, चुकलो. उद्या वर जायचं. तुझी राहुटी मी उभारून देतो."

"आणि माझी कोंबडी?"

"तीही आणून देतो."

मुलांनो, कुणी एका पोटातला चमत्कार दाखवला, तर दुसरंही पोट उघडून पाहायला सांगा. आणि त्या चमत्कारापायी कुणाला घराबाहेर काढायचं म्हणत असतील, तर जरा मोठ्यानं सांगा.