मागच्या खोलीतला बारक्या

मित्रांनो, मी एक थोराड राखण्या कुत्रा आहे आणि आता म्हातारा झालो आहे. नऊ वर्षांचे मूल चौथीत जाते. माझ्या जातीत नऊ वर्षांचा कुत्रा म्हणजे आजोबा. माझे वजन सदुसष्ट किलो आहे आणि नाव बारक्या. हसू आले ना? सगळ्यांनाच येते. आठ भावंडांत मी सर्वांत किरकोळ होतो, म्हणून हे नाव पडले. पुढे मी वाढत गेलो, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

माझे पूर्वज उंच डोंगरांवर मेंढ्यांचे कळप राखायचे. धनी दूर आणि लांडगा जवळ, अशी ती नोकरी. हुकूम द्यायला कुणी नसायचे, म्हणून काय करायचे ते आमचे आम्हीच ठरवायचो. ती खोड अजून गेलेली नाही. ‘बस’ म्हटले की टुणकन बसणारे कुत्रे वेगळे. मी आधी विचार करतो, मग सांगणाऱ्याकडे नीट बघतो, आणि पटले तर बसतो.

मी राहतो ते घर सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवणाऱ्या एका कारागिराचे आहे. खाली कारखाना, वर दोन खोल्या. कारागिराची बायको खोळी शिवते. त्यांची मुलगी छोटी त्यांना आई आणि बाबा म्हणते, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणतो. मी टोपलीतून इथे आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. कारखान्यात काथ्याचा आणि सरसाचा वास भरून राहिलेला असायचा. बाबा बारीक खिळे तोंडात धरून काम करायचे आणि तसेच बोलायचेही. ते बोलणे फक्त आईला आणि मला कळायचे. ते दिवस आठवले की अजून माझी शेपटी आपोआप हलते.

ज्या बाईंकडे माझा जन्म झाला त्यांना सगळे मावशी म्हणत. मला देताना त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितले होते, “याचं खाणं मोजून द्या, लवकर वाढवायच्या नादाला लागू नका. वर्षभर जिना चढू देऊ नका, हाडं कोवळी असतात. आणि रोज एक नवा माणूस दाखवा. माणसं येतात, बसतात, निघून जातात, एवढं याच्या डोक्यात बसलं पाहिजे.”

जिन्याचे बाबांनी इमानाने पाळले. मी चाळीस किलोचा झालो तरी ते मला उचलून वर न्यायचे आणि कंबर धरून खाली यायचे. आई म्हणायची, “पोरीला कधी एवढं कडेवर घेतलं नाहीत.” नव्या माणसांचे मात्र पंधरा दिवस टिकले. पांढरी मखमल लावलेली खुर्ची न्यायला आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी मला प्रेमाने कुरवाळले. मीही प्रेमाने त्या खुर्चीवर मान टेकली. मित्रांनो, माझ्या जातीची लाळ हा थट्टेचा विषय नाही. मखमल उसवून पुन्हा लावावी लागली.

त्या दिवसापासून दारावरची घंटा वाजली की मला मागच्या खोलीत घालून कडी लावू लागले. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. कारखाना लहान, कापड महाग आणि मी हा असा. पण बंद दाराआड बसून मी काय शिकलो असेन, हे कुणाच्या मनात आले नाही. घंटा वाजली की बाहेर कुणीतरी येते आणि मला कोंडतात. म्हणजे येणारा माणूस नक्कीच वाईट असणार. दिवसातून सहा-सात वेळा मी हा धडा गिरवत होतो. मी दाराआडून भुंकलो की खिडकीची तावदाने थरथरायची, आणि बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, “आमच्या बारक्याला विचारल्याशिवाय इथे पान हलत नाही.”

घरच्यांसाठी मात्र मी लोण्यासारखा मऊ होतो. छोटी माझ्या पोटावर डोके ठेवून पाढे पाठ करायची. सातच्या पाढ्यात तिला हमखास डुलकी लागायची आणि ती उठेपर्यंत मी कूस बदलत नसे. माझे केस घरभर व्हायचे. ते साठवले असते तर दोन गाद्या भरल्या असत्या, असे बाबा म्हणायचे. खरे सांगतो, तेवढे सुख मला पुन्हा कशातच मिळाले नाही.

मी पाच वर्षांचा असताना एका दुपारी आई खोळी पोचवायला गेली होती. बाबा माळ्यावरून कापडाचा तागा काढायला शिडीवर चढले. शिडी सरकली आणि ते पाठीवर पडले. कमरेला अडकवलेली मोठी कात्री मांडीत घुसली. मी धावत गेलो, त्यांचे तोंड चाटले. ते हलेनात.

तेवढ्यात घंटा वाजली. खुर्ची न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी काचेतून पाहिले आणि रुग्णवाहिका बोलावली. ती लगेच आली. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन दारात उभी राहिली. आणि मी बाबांवर चारी पाय रोवून उभा राहिलो.

डोंगरावरच्या माझ्या पूर्वजांनी हेच केले असते. आपला माणूस पडला आहे, परके जवळ येत आहेत. मी दात दाखवले. त्यांनी मला गोड बोलून पाहिले, बिस्किट टाकून पाहिले. बाबांच्या पायाखाली रक्ताचे थारोळे मोठे होत होते. मला रक्ताचा वास येत होता, पण ते रक्त थांबवायला आलेली माणसे हीच, हे मला कोण सांगणार?

“कुत्र्याला गोळी घालणारा बोलवावा लागेल,” एक जण म्हणाला.

“तो येईपर्यंत हा माणूस राहत नाही,” दुसरा म्हणाला.

शाळेतून परतलेली छोटी गर्दीतून आत आली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिने बाबांना पाहिले. ती ‘बाबा’ म्हणून एक पाऊल पुढे आली आणि थांबली. तिने मला पाहिले, स्ट्रेचर पाहिले. मग तिने माझ्या गळ्यात दोन्ही हात घातले आणि म्हणाली, “चल बारक्या. माझ्याबरोबर चल.”

तिने सगळा जीव लावून ओढले असते तरी मी तसूभर हललो नसतो. पण ती आधी स्वतः मागच्या खोलीत गेली, जमिनीवर बसली आणि मला हाक मारली. तिला एकटीला त्या खोलीत कसे सोडू? मी गेलो. तिने आतून दार लावले आणि माझ्या मानेत तोंड खुपसले. बाहेर पावले वाजली, स्ट्रेचर उचलले गेले, गाडी निघून गेली. बाबा जिवंत आहेत की नाहीत, हे तिला माहीत नव्हते. विचारायला बाहेर जावे तर मीही बाहेर पडलो असतो. आई येईपर्यंत ती तशीच बसून होती.

बाबा वाचले. पण बरेच रक्त गेले होते, आणि तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. मला मावशीकडे परत पाठवावे, असे आई म्हणाली, आणि तिचे काही चुकले नव्हते. बाबा अंथरुणावरूनच म्हणाले, “त्याला आपण कोंडलं. मग त्याला माणसं कळणार कशी?” पुढे वर्षभर ते काठी घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसले. मी साखळीला, त्यांच्या गुडघ्याशी. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी बसायला सांगत, माझ्याकडे बघू नका म्हणत, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून गप्पा मारत. पाच वर्षांच्या कुत्र्याला हे शिकायला फार जड जाते. लहानपणी ते खेळता खेळता झाले असते.

काल एक नवरा-बायको माझ्यासारखे पिल्लू घ्यायचे म्हणून मला बघायला आले होते. त्यांची लहान मुलगी माझ्या कानाशी खेळत होती. बाबांनी त्यांना माझे खाणे, केस, लाळ, दुखरी कंबर, आठ-नऊ वर्षांचे आयुष्य, सगळे सांगितले. काही लपवले नाही.

“पण राखण चांगली करतो ना?” त्या गृहस्थांनी विचारले.

“राखण तो आईच्या पोटातून शिकून येतो,” बाबा म्हणाले. “ती कधी करायची नाही, तेवढंच आपण शिकवायचं असतं.”

मित्रांनो, तुम्ही माझ्या जातीचे पिल्लू आणलेत तर त्याला दाराआड कोंडू नका. त्याला पोस्टमन दाखवा, शेजारी दाखवा, छत्री घेतलेली म्हातारी माणसे दाखवा. कंटाळा आला तरी दाखवा. छोटी आता चौदा वर्षांची आहे आणि माझ्यावर तिचा अजून तितकाच जीव आहे. पण त्या दुपारी तिला तिच्या बाबांचा हात धरायचा होता, आणि तिला माझी मान धरून बसावे लागले.