काठोकाठ कॅन

“एजे, बुरुल अपाचं डोकं फिरलंय,” बोरसोकचा, तळलेल्या कणकेचा, तुकडा गालात कोंबत कनिकेय म्हणाली. “म्हणते, तिघी येता आणि तिसरी नुसती दारात उभी राहते. आम्ही तर दोघीच!”

“म्हातारी आंधळी आहे. तिला काय दिसतंय?” शाळेतली बाई, अनिपा एजे, म्हणाली.

“दिसत नाही, पण आम्ही चारच बादल्या ओततो, तिची पाण्याची कॅन अर्धी होते. आणि अपा म्हणते, दर गुरुवारी काठोकाठ भरलेली असते.”

एजेच्या हातातला खडू तिथंच थांबला.

आमच्या गावात दर गुरुवारी ती वर्गातली मुलं म्हाताऱ्याकोताऱ्यांकडं पाठवते. पाणी भरा, राख टाका, अंगणातला बर्फ लोटा. काम झालं की शाळेत येऊन सांगायचं. मग ती म्हणणार, “शाब्बास. जा आता घरी.” त्याआधी कुणी घरी जायचं नाही. पूर्वी आणखी एक नियम होता, कॅन काठोकाठ भरल्याशिवाय परतायचं नाही. बावीस वर्षांपूर्वी तिची लेक, नऊ वर्षांची आयपेरी, बुरुल अपाकडंच पाणी भरत होती. कॅन जराशी उणी राहिली, म्हणून पोर पुन्हा नदीवर गेली आणि पायाखालचा बर्फ फुटला. पुढच्याच गुरुवारी एजेनं मुलांना पाठवलं, फक्त नदीऐवजी नळावर. दगडाच्या काळजाची बाई, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो.

एजे तशीच बुरुल अपाकडं गेली. घरभर तेलाचा वास होता. गुरुवारी हा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, म्हणून अपा न चुकता बोरसोक तळते. एजेनं कॅनचं झाकण उचललं. पाणी काठाला लागलं होतं आणि त्यावर नदीच्या बर्फाचे पातळ तुकडे तरंगत होते.

“बोलत नाही गं ती,” अपा म्हणाली. “हात लावला तर बाह्या ओल्या लागतात. मी सांगते, झालं पोरी, जा. हलत नाही.”

“मग कुणाचं ऐकेल?”

“जिनं धाडलंय, तिचं.”

एजे दाराकडं वळली. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि उंबऱ्याशी दोन लहान ओली पावलं. पाऊल पुढं नाही, मागं नाही. ‘आत ये’ हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. बावीस वर्षांनी लेक हातभर अंतरावर होती. एवढं बोलली असती, तर ती राहिलीही असती.

“शाब्बास, बाळा,” ती म्हणाली. “झालं काम. जा आता घरी.”

बादलीची कडी एकदा वाजली. पावलं उन्हात वाळून गेली.

पुढच्या गुरुवारी मुली परतल्या. “झालं, एजे. पण आज कॅन अर्धीच राहिली.”

“शाब्बास. जा आता घरी.”

मुली गेल्यावर तिनं डोक्याला रुमाल बांधला, शाळेतल्या दोन बादल्या उचलल्या आणि ती नळाकडं निघाली.