पहिला विस्तव

छबूबाईने नव्या चुलीच्या कडेवरून ओलं फडकं शेवटचं फिरवलं, चुलीच्या मागच्या तोंडात, वैलात, हात घालून आतली माती चाचपली आणि मागे न बघताच तळहात पुढे केला.

"काडीपेटी द्या, पाटलीणबाई. पेटवून बघते."

तळहातावर काही पडलं नाही. तिने वळून पाहिलं. केशरबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे त्यांची सून जयमाला दुधाचं पातेलं धरून थांबली होती.

"तुझं काम झालं, छबू. पेटवायचं आमचं आमी बघू."

"तसं न्हाई, धूर वर लागतोय का ते मलाच बघावं लागतं. तसंच शिकवलंय आमाला."

"लागंल की. पहिला विस्तव घरच्याच हातचा पायजे. देवाचं असतंय ते."

छबूबाई उठली. याच घरात तिने दोन दिवस माती तुडवली होती, शेण आणि भुसा कालवून चूल घातली होती, आणि ती सुकेस्तोवर आठ दिवस वाट पाहिली होती. तेव्हा तिच्या आत येण्याला कुणाची हरकत नव्हती. चिखलाला विटाळ नसतो आणि विस्तवाला असतो, हे शास्त्र केशरबाईंनी कुठे वाचलं होतं कोण जाणे. पण निमवाडीत ते सगळ्यांना तोंडपाठ होतं, छबूबाईलासुद्धा.

तिच्यासाठी बाहेर पडवीत चहा आला. गोठ्याच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यातून छबूबाईने कान तुटलेला कप स्वतःच काढला, विसळला आणि खाली ठेवला. जयमालाने वरून चहा ओतला. कप तोंडाला लावणार तोच छबूबाईला आठवलं, धुराड्यात बोळा तसाच आहे.

बोळा ही तिची स्वतःची युक्ती. कर्जतला निर्धूर चुलीचं दहा दिवसांचं शिबिर झालं, तिथल्या साहेबांनी धुराड्याच्या बुडाशी कागद कोंबायला शिकवलं होतं, म्हणजे चूल सुकेपर्यंत वरून माती पडत नाही. कागद ओलीने विरघळतो, हे काही साहेबांना ठाऊक नव्हतं. छबूबाईने कापड वापरलं. चूल सुकली की बुडाचं काजळी काढायचं भोक उघडायचं, बोळा ओढायचा आणि मग काडी लावायची. आजवरच्या नऊ चुली तिने अशाच पेटवल्या होत्या. पेटवणारी तीच असायची, म्हणून बोळ्याचं कुणाला सांगायची कधी वेळच आली नव्हती.

"पाटलीणबाई," तिने हाक मारली.

उघड्या दारातून आतलं दिसत होतं. केशरबाई वाकून, ती मघाशी चुलीपुढे बसली होती त्या जागेवर गोमूत्र शिंपडत होत्या. घाईने नाही, रागाने नाही. तुळशीला पाणी घालावं तसं.

"काय गं?"

"काय न्हाई. जाते."

तिने चहा संपवला, कप विसळून देवळीत ठेवला आणि ती निघाली. कोपऱ्यावर पोचते तोच मागे खोकल्याची उबळ ऐकू आली, मग दुसऱ्या गळ्यातली. तिने वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. ओढ्यापर्यंत तरी वाटलं.

ओढा ओलांडल्यावर मात्र तिला आपण काय करून बसलो ते कळू लागलं.

केशरबाईंचं घर म्हणजे गावाचा नमुना. त्यांचा मुलगा आप्पासाहेब दोनदा सरपंच झालेला. ह्या घरात निर्धूर चूल चालली तर आणखी अकरा घरं घालून घेणार होती, तसं ग्रामसेवकाने छबूबाईला सांगितलंच होतं. नाही चालली तर गावातलं दार बंद, आणि गावातलं बंद झालं की शेजारच्या वाड्यांतलंही. मग पुन्हा रोजगार हमीच्या कामावर नवऱ्याशेजारी बसून खडी फोडायची. सहा वर्षं तिने ती फोडली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही. चुलीचं काम मिळाल्यापासून तिला लोक 'चूलवाली' म्हणत. त्याआधी तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत नाहीतर वस्तीच्या. हातातल्या कामावरून पडलेलं हे पहिलं नाव होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

तिसऱ्या दिवशी दगडाबाई बातमी घेऊन आली. ती पाटलाच्या रानात खुरपायला जायची.

"तू काय केलंस गं छबे? पेटवली तवा समदं घर धुरानं भरलं म्हनं. म्हातारी भिंत धरून बाहीर आली. सून तर डोळं चोळत बसली हुती."

"पाटलीणबाई काय म्हनल्या?"

"ती काय बोलली न्हाई. पर बाया म्हनत्यात, हातच गुणाचा न्हाई."

दगडाबाई गेली. छबूबाई तांदूळ निवडत राहिली. तिची सासू भागिरथी भिंतीला टेकून बसली होती, वर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर. म्हातारीला दिसत नसे. लग्न होऊन आल्यापासून ती तुराट्या आणि ओल्या बाभळीवर भाकरी थापत आली होती. डोळे आधी गळायला लागले, मग लाल झाले, मग एके दिवशी तिने चुलीतलं लाकूड समजून चिमट्यात स्वतःचीच बोटं धरली. सुनेने शिबिराला नाव घातलं तेव्हा सगळ्यात आधी 'जा' म्हणाली ती हीच. बोळ्याची चिंधीही तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची होती.

"बोळा काढला हुतास ना?" म्हातारीने विचारलं.

छबूबाईचा हात तांदळात थांबला.

"त्यांनी पेटवूच दिली न्हाई मला."

"सांगितलं तर आसशील."

छबूबाई पुन्हा तांदूळ निवडू लागली. आंधळ्या माणसापुढे गप्प बसणं सोपं नसतं, त्याला ते ऐकू येतं. म्हातारीने गुडघ्यावरचा पदर नीट केला.

"पाटलाची सून केवढी हाय गं?"

"आसंल वीस-बावीसची."

"मीबी तेवढीच हुते," भागिरथी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि ती गावाकडे निघाली. वाटेत तिने काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. घाईत इसारले, पाटलीणबाई. माफी करा. ह्यात खोटं होतं ते एवढुसंच. घाईत कोण विसरत नाही? चूल चालू होईल, सुनेचे डोळे वाचतील, अकरा घरांचं कामही राहील. सगळ्यांचंच भलं करणारं खोटं पापात धरत नाहीत, असं ती स्वतःला दोनदा म्हणाली.

पाटलाच्या घराच्या वळणावर ती थांबली. कौलांवर धुराड्याची टोपी होती आणि टोपीतून धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती.

बोळा निघाला होता. तिला वाटलं, आता परत फिरावं. झालं गेलं गंगेला मिळालं. पण जयमालाने तिला पाहिलं होतं.

"आत्याबाई, छबूमावशी आल्यात."

"येऊ दे आत," केशरबाईंचा आवाज आला.

छबूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबली. आत भाकरीचा वास होता आणि धुराचा नव्हता. जयमाला चुलीपुढे बसून भाकरी शेकत होती, मागच्या वैलावर कालवण रटरटत होतं. नव्या चुलीमागच्या भिंतीवर मात्र पहिल्या दिवसाच्या काजळीचा पट्टा उमटलेला होता. केशरबाईंनी दांडीवरून एक कापड काढलं. हिरवं, धुऊन वाळवलेलं, चौघडी घातलेलं. काजळीचे डाग पुरते निघाले नव्हते.

"हे तुझं राहिलं हुतं," ते उंबऱ्यावर ठेवत त्या म्हणाल्या. "त्याच सांजच्याला हिनं त्या भोकात हात घातला तवा गावलं. तवापासनं झ्याक चाललीया. म्या बायांनाबी तसं सांगनार हाय, चुलीत खोट न्हाई म्हनून."

छबूबाईने कापड उचललं. ते साबणाने धुतलेलं होतं, आणि ते धुणाऱ्या हाताने विटाळाचा विचार केला होता की नव्हता, हे तिला कळेना.

"घाईत इसारलीस व्हय गं?"

केशरबाईंनी तिला शब्दसुद्धा आयता दिला होता. वाटेत जुळवलेला तोच. नुसतं 'व्हय' म्हटलं की संपत होतं. छबूबाईने जयमालाकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या.

"न्हाई," ती म्हणाली. "इसारले न्हाई. चा प्यायला बसले तवाच ध्येनात आलं हुतं. तुमाला हाकबी मारली. पर बोलले न्हाई."

जयमालाचा हात भाकरीवरच राहिला.

"म्हंजी ठावं आसून?" केशरबाईंनी विचारलं.

"ठावं आसून."

"का?"

छबूबाईची नजर चुलीपुढच्या जमिनीवर गेली, ती बसली होती त्या जागेवर, मग उघड्या दारातून गोठ्याच्या भिंतीकडे. देवळीत तो कान तुटलेला कप पालथा होता. केशरबाईंची नजर तिच्या नजरेमागून त्या कपापर्यंत गेली. बाहेर गाय दाव्याला हिसका देत होती. छबूबाईला वाटलं, आता काम गेलं. पण छाती हलकी झाली होती, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"जयमाला," केशरबाई म्हणाल्या, "भाकरी उतरव. कालवनबी उतरव."

"कच्चं हाय अजून."

"उतरव म्हनते ना."

जयमालाने तवा उतरवला. केशरबाई खाली बसल्या, त्यांचे गुडघे वाजले. त्यांनी जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली, निखारे घमेल्यात भरले, राखही उकरून काढली. भरल्या सकाळी, अर्ध्या स्वयंपाकात चालती चूल रिकामी करताना त्या घरात कुणी पाहिलं नसेल. जयमाला भिंतीला लागून उभी राहिली. घमेलं पडवीत ठेवून केशरबाई परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"बस," त्या छबूबाईला म्हणाल्या. "तुमाला शिकवलंय तशी पेटव. भोक कसं उघडायचं, काजळी कवा काढायची, समदं हिला सांग."

छबूबाई चुलीपुढे बसली, त्याच जागेवर. काजळीचं भोक उघडून तिने जयमालाला आतला कोपरा दाखवला, भोक पुन्हा बंद केलं आणि चार बारीक काटक्या रचल्या. मग त्या दिवशीसारखाच तळहात पुढे केला.

केशरबाईंनी कोनाड्यातून काडीपेटी घेतली आणि छबूबाईपुढे जमिनीवर ठेवली. साठ वर्षांच्या सवयीचा हात, तो आपसूकच खाली गेला.

छबूबाईने ती उचलली नाही. हातही मागे घेतला नाही.

कालवणाच्या पातेल्यातली वाफ विरत चालली होती. केशरबाई पुन्हा वाकल्या, काडीपेटी उचलली, पदराला पुसली, आणि छबूबाईच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं गार होती.

पहिली काडी सादळलेली निघाली. दुसरी पेटली.