अंगुस्तानाचा प्रश्न

कोटाच्या बाहीला अस्तर लावत असताना शिंप्याच्या फोनवर सहा आकडी कोड येऊन पडला. त्याने तो मागवला नव्हता. खाली ताकीद होती: हा कोड कोणालाही सांगू नका. ती वाचून होते न होते तोच अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मात्र ताईचा.

“अरे, माझा फोन बिघडलाय, मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय. माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय. पटकन सांग.”

तीच किंचित घोगरी किनार, वाक्याअखेरीस टाकलेला तोच सुस्कारा. आकडे त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच अडखळले. शेजारच्या बटणवाल्याचे मेसेजचे खाते असेच कुणीतरी पळवले होते, जुन्या संदेशांसकट. शिंप्याच्या खात्यात आईच्या आवाजातले संदेश होते, आणि वर्षभरापासून आई केवळ तिथेच उरली होती. बटणवाल्याची गत पाहून ताईनेच घरातल्यांची ओळख पटवायला एक प्रश्न ठरवला होता.

“आई अंगुस्तान कुठल्या बोटात घालायची?” त्याने चाचरत विचारले.

“हे काय आता मध्येच? मधल्या बोटात. कोड सांग!”

शिंपी गोंधळून गेला. सुई टोचू नये म्हणून जगातले सारे शिंपी अंगुस्तानाची धातूची टोपी मधल्याच बोटात घालतात. फक्त आई कधीच घालत नसे. सुई टोचली की बोट चोखायची आणि पुढचा टाका घ्यायची. हा आवाज परका असेल, तर इतका आपला कसा? आणि ताईचाच असेल, तर ती एवढ्यात आईला विसरली? दुसरी शंका त्याला अधिक बोचली.

त्याने फोन ठेवला आणि ताईचा नेहमीचा नंबर स्वतःच लावला. पुन्हा पुन्हा लावला, तरी नुसतीच रिंग वाजत राहिली. ताई परिचारिका, वॉर्डात फोन नेत नसे. पडद्यावरचा कोड त्याच्याकडे टक लावून पाहत होता. त्याने बाही उलटी शिवली, उसवली, पुन्हा उलटीच शिवली.

अखेर त्याच नंबरवरून तिचा फोन आला. “काय रे घुम्या, एवढे फोन? दुकान पेटलं की काय?”

“तू मघाशी फोन केला होतास?”

“मी? श्वास घ्यायला फुरसत नाही मला.”

“आई अंगुस्तान...”

त्याने हातातली सुई अस्तरात खोचून ठेवली.

“घालायची कुठे रे ती,” ताई हळूच म्हणाली. “बोटांची चाळण झाली होती तिच्या. कोड दिला नाहीस ना?”

“नाही.”

“शहाणा माझा. हल्ली यंत्राने कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. तो नंबर ब्लॉक करून टाक. आणि खात्याला पिन लाव, आत्ताच.”

त्याने पिन लावला. मग दुकानाचे दार ओढून घेतले आणि आईचा शेवटचा संदेश लावला. “बाळा, सुई जागेवर ठेव रे, पायात जाईल कुणाच्या.” आवाज आईचाच होता. निदान तसा वाटत होता. त्याने पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. आणि तिलाही तोच प्रश्न विचारावा म्हणून नकळत त्याचे ओठ उघडले.